चेन स्लायडर बदलण्याआधी तो का झिजला, हे पाहा

तुम्ही विचारले आहे की, तुमच्या २५० सीसीच्या अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकलचा स्विंगआर्मवरचा चेन स्लायडर, म्हणजे चेन स्विंगआर्मला घासू नये म्हणून बसवलेला रबरी तुकडा, पुढच्या बाजूला जवळजवळ आरपार झिजला असून खडबडीत रस्त्यावर खटखट आवाज येतो. मिस्त्री म्हणतो की चिमटा, म्हणजे मागचे चाक धरणारा स्विंगआर्म, उतरवावा लागेल आणि गाडी दिवसभर ठेवावी लागेल, तर एका मित्राने नवा स्लायडर खालून कापून वरूनच बसवण्याचा सल्ला दिला आहे. हे काम इंदुरात घरच्या पार्किंगमध्ये स्वतः करता येईल का, हा तुमचा प्रश्न. त्याच पत्रात तुम्ही ओघात लिहिले आहे की, मांडू आणि जानापावच्या चढांसाठी तुम्ही गेल्या वर्षी पुढचे स्प्रॉकेट (चेन फिरवणारे दातेरी चक्र) चौदा दातांऐवजी तेरा दातांचे बसवून घेतले आणि चेन तेव्हा ‘अंदाजाने’ ताणली गेली. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या ओघात लिहिलेल्या वाक्यात आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

घरी करता येईल, हे आधी सांगून टाकतो. पण स्लायडर बदलणे हे तुमच्यापुढचे खरे काम नाही. मोटरसायकल नीट असेल तर हा तुकडा वर्षानुवर्षे टिकतो. तो वेळेआधी संपला, याचा अर्थ चेन त्याच्यावर नको तितकी दाबली जात आहे किंवा नको तितकी आपटत आहे. कारण तसेच ठेवून नवा तुकडा बसवला तर तोही त्याच गतीने जाईल, आणि दरम्यान कधी लक्ष गेले नाही तर चेन थेट अ‍ॅल्युमिनियमचा स्विंगआर्म खाऊ लागेल. पोलादी चेनपुढे अ‍ॅल्युमिनियम फार मऊ असते. तिथे चर पडायला वेळ लागत नाही.

आता एक दात कमी केल्याने काय होते ते पाहू. तुम्ही चेनचे माप ५२० दिले आहे. या चेनमध्ये एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचे अंतर १५.८७५ मिमी असते. त्या मापाने हिशेब केला तर चौदा दातांच्या स्प्रॉकेटवर चेनची पिन मध्यापासून सुमारे ३५.७ मिमीवर फिरते आणि तेरा दातांवर सुमारे ३३.२ मिमीवर. म्हणजे चेनची वरची बाजू पुढच्या टोकाला अडीच मिमी खाली आली, आणि स्लायडरचे पुढचे ओठ, म्हणजे पुढची कड, नेमके तिथेच असते. ज्या तुकड्याची एकूण जाडीच मोजकी आहे त्याच्या बाबतीत अडीच मिमी ही थोडी गोष्ट नव्हे. शिवाय चेन स्प्रॉकेटवर गोल नव्हे, तर बहुभुजाकृती फिरते, त्यामुळे स्प्रॉकेट एकसारख्या वेगाने फिरत असले तरी चेनचा वेग प्रत्येक दाताला किंचित कमीजास्त होत राहतो. चौदा दातांवर हा फरक सुमारे अडीच टक्के असतो, तेरावर तो जवळजवळ तीन टक्क्यांवर जातो. चेनची थरथर वाढते ती यामुळे.

तिसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. दात एक कमी झाला की स्प्रॉकेटभोवती गुंडाळली जाणारी चेन अर्ध्या कडीने, म्हणजे जवळजवळ आठ मिमीने कमी होते आणि तेवढी लांबी सैल पडते. ती सावरण्यासाठी मागच्या चाकाचा दांडा, म्हणजे मागचा अ‍ॅक्सल सुमारे चार मिमी मागे सरकवावा लागतो. तो मोजून सरकवला नसेल, ‘अंदाजाने’ सरकवला असेल, तर चेन ढिली राहिली असण्याची शक्यता मोठी आहे. थ्रॉटल सोडला की इंजिन चाकाला मागे ओढते, चेनची खालची बाजू ताणली जाते आणि सगळी ढील वरच्या बाजूला येऊन चेन स्लायडरवर पडते. तुम्हाला आवाज खड्ड्यांत आणि थ्रॉटल सोडताना जास्त ऐकू येतो, असे तुम्ही लिहिले आहे. ते या वर्णनाशी अगदी जुळते.

तरीही मी केवळ पत्रावरून निदान पक्के करणार नाही, कारण बऱ्याच गोष्टी गाडी पाहिल्याशिवाय कळत नाहीत. जुना स्लायडर काढल्यावर तो फेकू नका. पुसून, उन्हात धरून नीट पाहा. चेनच्या बाहेरच्या पट्ट्यांच्या कडा रबरावर दोन समांतर चर पाडतात. दोन्ही चर सारख्या खोलीचे आणि गुळगुळीत असतील तर ती सरळ चालणाऱ्या चेनची नेहमीची झीज आहे. एक चर दुसऱ्यापेक्षा स्पष्ट खोल असेल तर मागचे चाक तिरके बसले आहे किंवा चिमट्याच्या बुश-बेअरिंगमध्ये खेळ आहे. झीज फक्त पुढच्या ओठावर, स्प्रॉकेटलगत असेल तर दोष लहान स्प्रॉकेटचा किंवा फार ताणलेल्या चेनचा. मागच्या भागात, चाकाकडे, तुकडे उडाल्यासारखे खड्डे असतील तर चेन ढिली होती आणि आपटत होती. खालच्या अंगाला खरचटले असेल तर चेनची खालची बाजूही उसळते आहे, आणि तेव्हा चेन लांबलेली असण्याचा संशय धरावा. मी वर्कशॉपमध्ये नवा भाग बसवण्याआधी जुना भाग गाडीच्या मालकाच्या हातात देतो तो याचसाठी. तो तुकडा पाहिल्यावर बराचसा वाद आपोआप मिटतो.

चेन लांबली आहे का, हे घरी मोजता येते. चेन ताणून धरा आणि एका पिनच्या मध्यापासून पुढे वीस कड्या मोजून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्या. नव्या ५२० चेनमध्ये ते ३१७.५ मिमी असते. ते ३२०.७ च्या आसपास गेले, म्हणजे एक टक्का वाढले, की मी चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट्स एकत्र बदलण्याचा सल्ला देतो. काही कंपन्या याहून थोडी जास्त सूट देतात, पण स्लायडरसाठी एवढी खोलाखोली करायचीच आहे तर मरणपंथाला लागलेली चेन परत चढवणे शहाणपणाचे नाही. मोजमाप चेनच्या तीन-चार ठिकाणी घ्या, कारण चेन सगळीकडे सारखी लांबत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. चिमटा उतरवायचा की नाही, हे स्लायडरच्या घडणीवर अवलंबून आहे. काही गाड्यांत तो नुसती वरची पट्टी असतो आणि दोन-तीन स्क्रू काढले की निघतो. काहींत तो चिमट्याच्या डाव्या बाजूच्या भुजेला अंगठीसारखा पूर्ण वेढतो. असा बंद वेढ्याचा स्लायडर भुजेच्या पुढच्या टोकावरून ओवूनच घालावा लागतो आणि त्यासाठी पिव्हट बोल्ट (चिमटा फ्रेमला जोडणारा लांब बोल्ट) काढून चिमटा मागे घ्यावाच लागतो. नवा भाग आधी विकत आणा आणि हातात घेऊन पाहा, म्हणजे तुमच्या गाडीत कोणता प्रकार आहे हे काम सुरू करण्याआधीच कळेल. तुमचा मिस्त्री बहुधा बरोबर सांगतो आहे आणि दिवसभराचा वेळही अवाजवी मागत नाही.

साधनांपैकी दोन गोष्टींवर मी तडजोड करणार नाही: टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच बोल्ट आवळू देणारा पाना) आणि तुमच्या मॉडेलचे सर्व्हिस मॅन्युअल. पिव्हट बोल्ट, मागचा अ‍ॅक्सल, शॉकअबसॉर्बरचा खालचा बोल्ट आणि पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट यांचे आवळण्याचे आकडे वेगवेगळे असतात आणि ते मॅन्युअलमधूनच घ्यावेत. माझ्याकडून किंवा आणखी कुणाकडून ऐकून नव्हे. टॉर्क रेंच, पितळी दांडी आणि चांगले बॉक्स पाने सियागंजात मिळतील. टॉर्क रेंच विकत घेणे जमत नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधून एका दिवसापुरते मागून आणा. तेही जमत नसेल तर हे काम मिस्त्रीकडेच द्या, पण समोर उभे राहून करवून घ्या.

गाडी उचलण्याच्या बाबतीत घरी काम करणाऱ्यांची हमखास फसगत होते. पॅडॉक स्टँड गाडीला स्विंगआर्मखालून उचलतो. आपल्याला स्विंगआर्मच काढायचा आहे, म्हणून तो स्टँड इथे निरुपयोगीच नव्हे, तर धोक्याचा आहे. सेंटर स्टँड असेल तर उत्तम. नसेल तर इंजिनखालच्या फ्रेमला लाकडी फळी देऊन जॅक लावा, पुढचे चाक भिंतीला टेकवा, पुढचा ब्रेक पट्ट्याने बांधून ठेवा आणि हँडलला दोन्ही बाजूंनी रॅचेट पट्टे लावून पार्किंगच्या खांबाला किंवा तुळईला ताणून घ्या. इंजिनचे पातळ कव्हर किंवा सायलेन्सरचा पाइप यांवर वजन येऊ देऊ नका. गाडी वर घेण्याआधी, दोन्ही चाके जमिनीवर असताना आणि कुणीतरी मागचा ब्रेक दाबून धरलेला असताना, पुढच्या स्प्रॉकेटचे बोल्ट, मागच्या अ‍ॅक्सलचा नट आणि पिव्हटचा नट नुसते अर्धा फेरा सैल करून ठेवा. जॅकवर तोललेल्या गाडीवर लांब पान्याने जोर लावणे कधीही करू नये.

पुढचा क्रम सरळ आहे. मागचे चाक काढा. चाक निघाल्यावर मागच्या ब्रेकचा पेडल कुणी चुकूनही दाबू नये, नाहीतर कॅलिपरचे पिस्टन बाहेर येतील. पॅडच्या मध्ये लाकडाची पातळ चिप घालून ठेवली की काळजी मिटते. ब्रेकचा होस आणि एबीएसच्या सेन्सरची वायर चिमट्याला क्लिपांनी धरलेली असते. त्या क्लिपा काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, कारण वायरचा मार्ग जरा जरी चुकला तर ती पुढे चाकाला किंवा चेनला लागते. कॅलिपर होसवर लोंबकळत ठेवू नका. सबफ्रेमला (सीटखालच्या फ्रेमला) दोरीने बांधा. पुढचे स्प्रॉकेट काढले की चेन सैल होते. तिचा जोड रिव्हेटचा असेल तर ती तोडण्याची गरज नाही, ती चिमट्याभोवती राहू द्या.

पिव्हट बोल्ट हा या कामातला खरा परीक्षेचा प्रसंग. माळव्याचे पावसाळे पाहिलेल्या आणि कधीच ग्रीस न मिळालेल्या गाडीत तो आतल्या कॉलरला (पोलादी नळीला) गंजाने धरून बसतो. आदल्या रात्री दोन्ही टोकांना गंज सोडवणारे तेल मारून ठेवा. सकाळी नट आटे संपेपर्यंत उलटा फिरवून बोल्टच्या टोकाशी समतल आणा आणि त्याच्यावर पितळी दांडी ठेवून ठोका, म्हणजे आटे चेपणार नाहीत. आधी बोल्ट जागच्या जागी फिरतो का, ते पाहा. फिरला की निघणार, हे समजावे. दहा-पंधरा मिनिटांच्या समंजस ठोकण्याने जो हलत नाही त्याच्यावर मोठा हातोडा घालू नका. चाक आणि कव्हर परत लावून गाडी टेम्पोतून वर्कशॉपला न्या. तिथे त्याच्यासाठी उष्णता आणि प्रेस आहे; घरी या दोन्ही गोष्टी नसतात, आणि वाकडा झालेला बोल्ट फ्रेममध्ये अडकला तर खर्च स्लायडरच्या कितीतरी पट होतो.

शॉकचा खालचा बोल्ट काढून चिमटा मागे घेतला की स्लायडरचे स्क्रू सोडवा. यांची डोकी चिखलाने भरलेली असतात. आधी सुईने किंवा खिळ्याने खाचा साफ करा, मग योग्य मापाचा ड्रायव्हर पूर्ण बसवून त्याच्यावर एकदा ठोका आणि मग फिरवा; हे टाळले की खाच गोल होते आणि तासभर जातो. स्क्रूच्या खाली अनेकदा छोटी पोलादी कॉलर असते. तिचे काम असे की, स्क्रू कितीही आवळला तरी रबर चिरडले जाऊ नये. नव्या स्लायडरसोबत ती सहसा येत नाही. जुन्यातून काढून ती नव्यात घालायला विसरलात, तर पहिल्या महिन्यात स्क्रूभोवतीचे रबर फाटेल. नवे स्क्रू निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकने (आटे सुटू न देणाऱ्या चिकट द्रवाने), साध्या ड्रायव्हरने, हाताला लागेल इतकेच आवळा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की गेले.

स्लायडरखालचा पृष्ठभाग रॉकेलने धुऊन नखाने चाचपून पाहा. पॉलिश पेपरने जाईल असे वरवरचे खरचटणे असेल तर कडा गुळगुळीत करून पुढे चला. नख अडकेल असा चर पडला असेल तर स्विंगआर्म जाणत्या माणसाला दाखवा. तो चर वेल्डिंगने भरून घेण्याच्या फंदात पडू नका: उष्णतेने अशा अ‍ॅल्युमिनियमची ताकद वेल्डच्या आसपास कमी होते, आणि मागचे सगळे वजन त्या भुजेवर आहे.

चिमटा हातात आहे तोवर बुश, बेअरिंग आणि सील पाहून घ्या. जुने ग्रीस पुसून कॉलर बोटाने फिरवा. खरखर किंवा गंजाचे तांबडे डाग दिसले तर बेअरिंग आताच बदला. स्लायडर कापून बसवला तर चिमटा उतरतच नाही आणि हे पाहणे राहून जाते, म्हणून मला तुमच्या मित्राचा सल्ला पटत नाही. दुसरे कारण असे की, स्प्रॉकेटलगतच्या ओठाला स्क्रू नसतो. त्याला जागेवर धरतो तो तो वेढाच. वेढा कापला की ओठ हळूहळू उचलले जाते आणि एखाद्या दिवशी चेन ते पकडून स्प्रॉकेटमध्ये ओढते. चालत्या गाडीत चेन अडकली तर मागचे चाक जागच्या जागी थांबू शकते. ट्यूबचा तुकडा केबल टायने बांधण्याच्या युक्तीलाही माझा विरोध आहे, आणि तो याच भीतीपोटी. चोरलच्या घाटात अडकलात आणि घरापर्यंत सावकाश यायचे आहे, एवढ्यापुरतेच ते क्षम्य समजावे.

जोडणी करताना पिव्हट बोल्टच्या दांड्याला ग्रीस लावा, आट्यांना नको, कारण ग्रीस लागलेल्या आट्यांवर टॉर्कचा आकडा खोटा ठरतो. सेल्फ-लॉकिंग नट नवा घाला. चाक सरळ बसवताना चिमट्यावरच्या खुणांवर पूर्ण विश्वास ठेवू नका. पिव्हटच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंनी टेपने मोजा.

ताणाबद्दल थोडे थांबून लिहितो, कारण तुमच्या गाडीत चूक इथेच झाली असावी. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, पिव्हट आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ होते, आणि ही स्थिती सस्पेन्शन बरेच दबल्यावर येते. तुमच्यासारख्या लांब सस्पेन्शनच्या गाडीत म्हणूनच उभ्या गाडीत चेन सैल दिसणे आवश्यक असते. रोजच्या ये-जा करण्याच्या साध्या कम्यूटर मोटरसायकलींना सहसा २० ते ३० मिमी ढील सांगितलेली असते; तुमच्या प्रकारच्या गाड्यांना त्याहून जास्त लागते. नेमका आकडा, तो कुठे मोजायचा आणि गाडी कोणत्या स्टँडवर असताना मोजायचा, हे मॅन्युअलमध्ये पाहा. कम्यूटरच्या हिशेबाने ती ताणली तर सामान आणि मागे माणूस बसल्यावर चेन, गिअरबॉक्सचे बेअरिंग आणि स्लायडरचे ओठ तिघांवरही भार येतो. चाक फिरवत चार-पाच ठिकाणी ढील मोजा आणि सर्वांत ताठ जागेवर आकडा जुळवा. अ‍ॅक्सल टॉर्कने आवळल्यावर पुन्हा मोजा, कारण आवळताना तो किंचित सरकतो. शेवटी मागचा ब्रेक पेडल कडक लागेपर्यंत पंप करा आणि मगच गाडी जॅकवरून खाली घ्या.

स्प्रॉकेटबद्दल माझे मत स्पष्ट आहे: परत चौदा दातांचे बसवा. मांडूचा चढ तुमची गाडी खालच्या गिअरमध्ये चौदा दातांवरही चढेल. तेराच ठेवायचे असेल तर स्लायडरची तपासणी दर सर्व्हिसला करण्याची तयारी ठेवा.

चेन स्वच्छ ठेवण्याबाबत इतकेच की, पातालपानी किंवा तिंछाकडून आल्यावर काळी माती चेनवर सुकू देऊ नका. ती तेलात मिसळली की मुरमाच्या बारीक कचीला धरून ठेवते आणि स्लायडरवर पॉलिश पेपरसारखी घासते. ओ-रिंगच्या (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेल्या) चेनला रॉकेल आणि मऊ ब्रश चालतो, पेट्रोल आणि तारेचा ब्रश चालत नाही. वाळल्यावर ९० नंबरचे गिअर ऑइल कड्यांच्या आतल्या बाजूने थोडे लावा आणि जास्तीचे पुसून काढा.

नवा स्लायडर बसल्यावर त्याच्या वरच्या बाजूला पांढऱ्या मार्करने आडव्या रेघा ओढा आणि पन्नासेक किलोमीटर नेहमीच्या रस्त्यावर चालवून पाहा. रेघा पुढच्या भागात दोन बारीक ओळींत पुसल्या गेल्या असतील तर सगळे ठीक आहे. मागच्या बाजूला पुसल्या गेल्या असतील तर ढील जास्त आहे, एकाच कडेला पुसल्या असतील तर चाक पुन्हा सरळ करा. चेन नवी घातली असेल तर दोनशे किलोमीटरच्या आत ताण एकदा परत पाहा, आणि त्याच वेळी स्लायडरच्या स्क्रूंवरही ड्रायव्हर लावून बघा. जुन्या स्लायडरचे दोन फोटो, एक वरून आणि एक स्प्रॉकेटच्या बाजूने, इथे टाकलेत तर झिजेचे कारण मी अधिक खात्रीने सांगू शकेन.